वाचणारे आणि ऐकणारी

आजीला अक्षर येत नव्हतं. बार्शीटाकळीच्या आमच्या ख्रिस्ती घरात रोज दिवेलागणीनंतर कुटुंबप्रार्थना व्हायची आणि आम्हा भावंडांचा विश्वास वाढला तो तिच्या या अडचणीपायीच, असं मला आता ठाम वाटतं. तिला पवित्र शास्त्र ऐकायचं असे, मग वाचायला कुणीतरी हवं. दुसरीतल्या पोरापासून साऱ्यांच्या पाळ्या ठरलेल्या. कुणी अडखळलं तर पुढचा शब्द पाठ असूनही ती सांगत नसे. वाट पाहायची.

मध्येच मात्र हटकायची. दोन टोल्या, म्हणजे दोन चिल्लर नाणी, दान टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आली की हमखास. “थांब बाप्पा. सारं देऊन टाकल्यावर तिनं खाल्लं काय मंग?” शास्त्रात पुढं काही लिहिलेलं नाही, हे तिला कधीच पटलं नाही. त्या प्रश्नातूनच तिची प्रार्थना सुरू होई. गल्लीत कोण आजारी आहे, कुणाचा वेचलेला कापूस पावसात भिजला, कुणाच्या लेकीचं लग्न अडलंय. नवरात्रात कालंका देवीला जाणाऱ्या शेजारणींचीही नावं त्यात असत. त्यांना ते ठाऊक होतं. पोराला ताप आला की त्या दारातूनच आजीला सांगून जायच्या.

1899-1900च्या दुष्काळात आजीच्या आजीला मिशनच्या अनाथाश्रमानं वाढवलं. अमेरिकेतून आलेलं ॲलायन्स मिशन तेव्हा अकोल्यात काम करत होतं. पण देवाशी बोलायची आमची रीत इथलीच राहिली. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली कवी ना. वा. टिळकांची गीतं घरात टाळ धरून म्हटली जात. टिळक 1895मध्ये ख्रिस्ती झाले ते अभंग आणि भजन सोबत घेऊनच. म्हणून तर पुस्तक न उघडताही आजी पहिली चाल धरायची आणि शिकलेसवरलेले आम्ही तिच्या मागून म्हणायचो. टिळकांचं हे ऋण मला फार मोठं वाटतं.

आजी गेल्यावर काही दिवस आम्ही प्रार्थना चालू ठेवली. वाचणारे सगळे होते. पण ज्याला त्याला पुढचं ठाऊक, कुणाला कुणाकडून ऐकायची गरज नव्हती. हळूहळू पाळ्या मोडल्या. मग कुणी पुण्याला, कुणी नागपूरला. भाऊ म्हणतो, मोबाइलवर शास्त्र स्वच्छ उच्चारात ऐकता येतं. खरं आहे, मीही ऐकते. पण त्या आवाजाला हटकता येत नाही, आणि अडखळणाऱ्या लेकरासाठी थांबणारं तिथं कुणी नसतं.

गेल्या नाताळात सगळे जमलो. भाच्यानं अडखळत वाचलं. प्रार्थनेची वेळ आली तेव्हा गल्लीतली नावं कुणालाच धड सांगता येईनात. आई उठली, शेजारी कोण आजारी आहे ते विचारून येते म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली. आम्ही तिच्यासाठी थांबलो.