हुक्स जॉइंट ऑप्शनला!

"अरे, तुला टॉममध्ये केटी लागलीच कशी?" हॉस्टेलवर मला अजून विचारतात. हुक्स जॉइंट ऑप्शनला टाकला होता, हे खरं उत्तर. पण तोच जॉइंट मला पुढे समुद्रात भेटणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

डिसेंबर २०२३. सेमचे पेपर संपवून गोव्याला मामाकडे, दोनापावलाला गेलो. मामेभाऊ विंडसर्फिंग करतो, म्हणजे फळीवर शीड उभारून वाऱ्यावर पळायचं. थोडंफार मलाही शिकवलंय त्याने. दादाला शिडाचा सेट बदलायचा होता. पैसे बेताचे, म्हणून सेकंडहॅण्ड. "तू इंजिनियर ना, मग तूच निवड," दादा म्हणाला. झालं! आम्ही चढलो हरभऱ्याच्या झाडावर.

शीड ५.७ चौरस मीटरचं. पुढची कड ४३४ सेंटीमीटर, डोलकाठी ४३०. उरलेले ४ खालच्या एक्स्टेन्शनने भरायचे. हे सगळं शिडावरच छापलेलं असतं. काठीचा कडकपणा सांगायला आयएमसीएस नावाचा आकडा असतो, ४३० च्या काठीला साधारण २१. तो काढतात कसा? काठीची दोन्ही टोकं टेकवायची, मध्ये ३० किलो लटकवायचे आणि वाक मोजायचा. म्हणजे आपला सिम्पली सपोर्टेड बीमच की राव! काठीचा वाक शिडाशी जुळला नाही, तर दोर कितीही ताणा, शिडाचं पोट जागेवर येत नाही. शंभर टक्के कार्बनची काठी हलकी, पण आपटली की संपली. आम्ही तीस टक्केवाली घेतली. शीड उन्हात धरून प्लास्टिकला चिरा आहेत का, तेही पाहिलं. दादा इम्प्रेस!

काठी फळीला जोडतो तो डमरूच्या आकाराचा रबराचा तुकडा. काठी कुठल्याही बाजूला कलावी म्हणून. काम हुक्स जॉइंटचंच. १९६८ साली कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी पेटंटसाठी अर्ज केला, त्याचा जीव याच सांध्यात होता. विकणारा म्हणाला, "जवळजवळ नवाच आहे." आम्ही माना डोलावल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच पाण्यात. मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. मस्त पळत होतो आणि फट्‌! शीड एकीकडे, मी दुसरीकडे, फळी तिसरीकडे. किनाऱ्यावरून दादा ओरडत होता, "फळी धर! फळी!" शीड पाण्यात पडून राहतं, रिकामी फळी मात्र वाऱ्याबरोबर जाते. कशीबशी गाठली. पालथा पडून हातांनी वल्हवतोय, तर किनारा जवळ येण्याऐवजी लांबच चाललाय. खोटं कशाला सांगू, आई आठवली. शेवटी एका मच्छीमार काकांनी होडीत ओढलं, शीडही उचललं. तुटलेलं रबर हातात फिरवून पाहिलं आणि काही न बोलता मला परत दिलं. पिनेजवळ अर्ध्याहून जास्त भाग जुनाच चिरलेला होता.

आता पाण्यात उतरण्याआधी रबर हाताने नव्वद अंशात वाकवून बघतो. केसाएवढी चीर दिसली तरी बाद. शिवाय सुटलं तरी फळी जाऊ नये म्हणून बाजूने पट्टा. आल्यावर गोड्या पाण्याने सगळं धुवायचं आणि एक्स्टेन्शन काठीतून बाहेर काढून ठेवायचं. ॲल्युमिनियम, कार्बन आणि खारं पाणी एकत्र आले की गॅल्व्हॅनिक करोजन, मग दोघं ओढूनही निघत नाही. (हेही आम्ही अनुभवाने शिकलो, पण ते पुन्हा कधीतरी.)

मामीला यातलं काही माहीत नाही, तेव्हा संपादकांनी हा अंक कृपया गोव्याला पाठवू नये.

मे महिन्यात केटीचा पेपर दिला. हुक्स जॉइंट पाठ करून गेलो होतो. आलाच नाही.