एकाच मस्टरवरचे दोन पगार

घाटकोपरच्या आमच्या शाळेत नववीच्या दोन तुकड्या आहेत. ‘अ’ अनुदानित आणि ‘ब’ विनाअनुदानित म्हणून मंजूर झालेली. कागदोपत्री माझी नेमणूक ‘अ’वर, गणिताच्या सरांची ‘ब’वर. प्रत्यक्षात सर दोन्ही वर्गांना गणित शिकवतात आणि मी दोन्ही वर्गांना मराठी. मस्टर एक, वेळापत्रक एक, शिक्षकखोलीतलं टेबलही एकच. माझा पगार सरकारच्या शालार्थ या ऑनलाइन वेतनप्रणालीतून थेट खात्यात येतो. सर 2011 साली लागले तेव्हा संस्थेकडून मानधन मिळायचं. कारकून कपाटातून व्हाउचर काढायचा, सर रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करायचे आणि नोटा न मोजता खिशात ठेवायचे. कधी दोन-तीन महिन्यांचं एकदम मिळायचं. मे महिन्यात काहीच नाही.

शाळा सुटली की सर भांडुपला खासगी क्लासमध्ये शिकवायला जात. तिथून ठाण्याला गाडी बदलून बदलापूर. घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असायची. तिचा अभ्यास ते रविवारी घ्यायचे, आमच्या शाळेतल्या मुलांचा रोज.

एकाच शाळेत असे दोन पगार होण्याचं मूळ जुनं आहे. 2001 साली राज्य सरकारने नव्या शाळांना आणि तुकड्यांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावरच परवानगी द्यायचं धोरण घेतलं. तिजोरीवर पगाराचा नवा बोजा नको, हे त्यामागचं उघड कारण. 2009 मध्ये ‘कायम’ शब्द वगळला गेला. मग निकष आले, मूल्यांकनं झाली, पात्र-अपात्र याद्या लागल्या आणि 2016 मध्ये पहिलं 20 टक्के अनुदान मिळू लागलं, तेही यादीत नाव आलेल्यांनाच. सरांच्या तुकडीचा नंबर त्यानंतर काही वर्षांनी लागला. 20 टक्के म्हणजे सरकार पगाराचा पाचवा हिस्सा देणार, उरलेला संस्थेने द्यायचा. मराठी शाळेची संस्था तो कुठून देणार? पालक रिक्षा चालवतात, धुणीभांडी करतात. त्यांच्याकडून फी घेऊन शिक्षकाला वेतनश्रेणी देता येत नाही.

खरं तर खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा वेतनश्रेणी ठरवून देतो. सातव्या वेतन आयोगानुसार बीएड झालेल्या माध्यमिक शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतन 38,600 रुपये, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. ही रक्कम सरांना पाठ आहे.

दहावीचे पेपर तपासायला आले की मला हे सगळं जास्त खुपतं. बोर्ड दर पेपरमागे आम्हा दोघांना सारखंच मानधन देतं. निवडणुकीच्या कामाला बोलावतानाही कोणी विचारत नाही की मास्तर, तुमची तुकडी कुठली.

14 ऑक्टोबर 2024 ला वाढीव 20 टक्के टप्प्याचा शासन निर्णय निघाला. विधानसभेच्या निवडणुका झाल्या, नवं सरकार बसलं, पण पैशाची तरतूद होईना. शेवटी 8 आणि 9 जुलै 2025 ला शिक्षक आझाद मैदानावर जमले. पाऊस, चिखल, डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद. गावाकडून आलेले कितीतरी शिक्षक रात्री तिथेच थांबले. दुसऱ्या दिवशी शरद पवार आणि उद्धव ठाकरे येऊन गेले. मंत्री गिरीश महाजन आले आणि पैसे खात्यात जमा करण्याचं आश्वासन मिळालं, तेव्हा मैदानात गुलाल उडाला. सरांचा शर्ट गुलाबी झाला होता.

मैदानात लाडकी बहीण योजनेचा विषय सारखा निघत होता. 2025-26 च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी 36,000 कोटी आहेत, मग आमच्यासाठी का नाहीत, असा प्रश्न. मला हा सामना पटत नाही. त्या योजनेचे महिन्याचे दीड हजार माझ्या वर्गातल्या मुलींच्या आयांना मिळतात आणि त्यातून वह्या येतात. पण त्याच अर्थसंकल्पात 45,891 कोटींची महसुली तूट दाखवली आहे. पैसा अपुरा आहे हे मला मान्य आहे. तो अपुरेपणा पंधरा-पंधरा वर्षं एकाच शिक्षकाच्या पानात वाढायचा, हे मला मान्य नाही. कोठारी आयोगाने 1966 साली शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करायला सांगितलं. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही तोच आकडा आहे.

सर आता 60 टक्क्यांवर आहेत. भांडुपचा क्लास अजून सुटलेला नाही. नवी धास्ती संचमान्यतेची, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याची आहे. आमच्या घाटकोपरच्याच रमाबाई आंबेडकर नगर आणि कामराज नगरमधल्या सुमारे 17,000 झोपड्यांचा पुनर्विकास चालू आहे. भाडं घेऊन कुटुंबं कळवा, दिवा, टिटवाळ्याकडे जातात आणि मुलांची नावं पटावरून कमी होतात. पट घसरला तर आधी ‘ब’ तुकडीच जाईल. म्हणून मेच्या सुट्टीत आम्ही दोघं उरलेल्या गल्ल्यांतून प्रवेशाचे फॉर्म घेऊन फिरलो. सरांनी एका आईला दिव्याहून शाळेच्या वेळेला सोयीची लोकल कोणती ते फॉर्मच्या मागे लिहून दिलं.