आधी तारखा, मग शाई

हर्बर्ट मॅकब्राइडच्या सहीचं 'अ रायफलमन वेंट टू वॉर' कुणी विकायला आणलं, तर त्याला चहा पाजावा, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात आणि वाटेला लावावं. मॅकब्राइड मार्च १९३३ मध्ये वारला. पुस्तक छापून आलं १९३५ मध्ये. स्नायपिंगवरच्या पुस्तकांचं कपाट ज्याच्यावाचून अपुरं, ते हे पुस्तक. आणि त्याची सहीची प्रत असणंच शक्य नाही. एका मेळ्यात मला ती तरीही दाखवण्यात आली होती. सही झोकदार होती, मागितलेली किंमत त्याहून झोकदार. मॅकब्राइडची सही हवी असेल तर त्याचं १९१८ चं 'द एम्मा जीज' शोधावं, तेही मशीनगनवाल्यांवरचं. पण ते फारसं कुणी मागत नाही, म्हणून खोट्या सह्याही त्यावर कमी.

या छंदात शाई नंतर बघायची, आधी तारखा. पुस्तक बाहेर पडलं त्या दिवसापासून लेखक गेला त्या दिवसापर्यंत किती अवधी होता, हे एका कागदावर मांडलं की निम्मी दुकानदारी आपोआप बंद होते. ख्रिस काइलचं 'अमेरिकन स्नायपर' जानेवारी २०१२ मध्ये आलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तो मारला गेला. जेमतेम तेरा महिने. सोव्हिएत स्नायपर ल्युदमिला पावलिचेंको १९७४ मध्ये गेली, तिच्या आठवणी इंग्रजीत पुस्तकरूपाने आल्या २०१८ मध्ये. त्या प्रतीवर तिची सही म्हणजे चमत्कारच. आणि मी चमत्कारांना पैसे देत नाही.

मला सर्वांत मोह आहे तो हेस्केथ-प्रिचर्डचा. 'स्नायपिंग इन फ्रान्स' १९२० चं, आणि जून १९२२ मध्ये वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हा माणूस गेला. मराठी वाचकाला त्याची ओळख करून द्यायची तर आधी क्रिकेटपासून सुरुवात करावी लागेल: हॅम्पशायरचा वेगवान गोलंदाज, कॉनन डॉइलचा स्नेही, आणि एका वर्तमानपत्राच्या खर्चाने नामशेष झालेल्या महाकाय स्लॉथच्या शोधात पॅटागोनिया पालथा घालून आलेला. प्राणी अर्थातच मिळाला नाही. १९१५ मध्ये तो फ्रान्सच्या आघाडीवर पोचला तेव्हा खंदकातून डोकं वर काढणारी इंग्रज पोरं जर्मन नेमबाज रोज टिपत होते. इंग्रजांकडे दुर्बीण लावलेल्या रायफली होत्या, पण त्या दुर्बिणी नीट जुळवलेल्याच नव्हत्या आणि वापरणाऱ्यांना ते ठाऊकही नव्हतं. शिवाय दुर्बीण नळीच्या बरोबर वर न बसवता डावीकडे बसवलेली, का, तर वरून काडतुसांची क्लिप भरता यावी. हे सगळं दुरुस्त करत त्याने १९१६ मध्ये लँगेम इथे स्नायपिंगची शाळा काढली.

त्याची कागदाच्या लगद्याची डोकी मला फार आवडतात. हुबेहूब माणसाचं डोकं, तोंडात सिगारेट, आणि खालून रबरी नळीने ती ओढणारा एक शिपाई. जर्मनाने गोळी झाडली की डोक्याला पुढून आणि मागून अशी दोन भोकं पडायची. मग डोकं पेरिस्कोपच्या उंचीइतकं खाली घ्यायचं आणि त्या दोन भोकांच्या रेषेत पेरिस्कोपमधून बघायचं. समोर थेट गोळी झाडणाऱ्याची जागा! युद्धावरच्या पुस्तकात इतकी निर्मळ भूमिती मी दुसरीकडे वाचलेली नाही. त्याच्या सहीच्या प्रतीसाठी मिळालेल्या अवधीला अडीच वर्षंसुद्धा पुरी नाहीत. अशा प्रतीवर बॉलपेनची सही दिसली तर पुढे बोलायचं कारण नाही. बॉलपेन बाजारात आलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी.

अमेरिकी स्नायपर कार्लोस हॅथकॉकच्या बाबतीत तारखा पुरत नाहीत, कारण त्याच्यावरचं पुस्तक १९८६ चं आणि तो गेला १९९९ मध्ये. अवधी भरपूर. तिथे हात बघावा लागतो. त्याला मल्टिपल स्क्लेरॉसिस झाला होता, निदान १९७५ चं, म्हणजे पुस्तक निघालं तेव्हा आजार अंगात मुरलेला. अशा माणसाची तडफदार, एका दमात काढलेली सही बघितली की मी पुस्तक मिटून परत देतो.

लोक विचारतात, हा कागदाचा नाद आणि तो काडतुसांचा नाद, दोन्ही एकाच माणसाला कसे? मी ओहायोत राहतो, क्लीव्हलंडजवळ. लक्ष्यावर नेम धरतो, काडतुसं स्वतः भरतो. माझ्या दृष्टीने हे दोन नाद नाहीतच. दोन्हीकडे वर लिहिलेल्या नावावर विश्वास ठेवायचा नसतो, कॅलिपर लावायचं असतं.

पुन्हा मॅकब्राइडच घ्या. अमेरिकन माणूस, कॅनडाच्या फौजेत भरती झाला, रॉस रायफल वापरायचा आणि तिच्यावर आमच्याच क्लीव्हलंडच्या वॉर्नर अँड स्वेझी कंपनीची दुर्बीण. रॉसचं काडतूस तेच, आपल्याकडे पोलीसचौकीपर्यंत पोचलेलं थ्री नॉट थ्री. आता थ्री नॉट थ्री म्हणजे थ्री नॉट थ्री, त्यात तुलना कसली? पण रॉसचं चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, तंग होतं आणि कॅनडाची काडतुसं मोजून-मापून केलेली, ती त्यात चपखल बसायची. युद्धाच्या घाईत इंग्लंडातल्या कारखान्यांनी केलेली काडतुसं केसभर जाड निघाली. ली-एनफिल्डचं ऐसपैस चेंबर ती मुकाट गिळायचं. रॉस मात्र चार गोळ्यांत तापायची आणि अडायची. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत कॅनेडियन शिपाई अडलेला बोल्ट बुटाच्या टाचेने हाणत होते आणि मेलेल्या इंग्रजांच्या ली-एनफिल्ड उचलत होते. नंतर फौजेने रॉस काढून घेतली, पण स्नायपरांकडे ती राहिली, कारण निवडक काडतुसं घेऊन सावकाश नेम धरणाऱ्याला तिच्याइतकी अचूक रायफल तेव्हा क्वचितच मिळत होती. मॅकब्राइड तिची तारीफ का करतो आणि पायदळातला शिपाई तिला शिव्या का देतो, हे काडतुसाच्या पुंगळीचं बूड मोजल्याशिवाय कळत नाही. दोघंही खरं सांगतात.

नावांचा घोळ तर विचारू नका. थ्री नॉट थ्रीची गोळी ०.३११ इंचाची, ०.३०३ हा नळीतल्या उंचवट्यांमधला व्यास. जर्मनांच्या आठ मिलिमीटर माउझरची गोळी आधी ०.३१८ इंचाची होती, १९०५ मध्ये ती ०.३२३ झाली. पुंगळी तीच, म्हणून नवं काडतूस जुन्या नळीत बिनतक्रार शिरतं, आणि पुढे जे होतं ते बोटांना आणि डोळ्यांना महाग पडतं. या भीतीनेच अमेरिकी कारखाने ते काडतूस अजून सौम्य भरतात. फिनलंडच्या सिमो हायहाची गोष्ट सांगताना लोक त्याच्या काडतुसाला कधी ५३आर म्हणतात, कधी ५४आर, आणि हे एक मिलिमीटर कुठून आलं यावर हमरीतुमरीवर येतात. रशियन पुंगळी मोजली तर भरते साधारण ५३.७ मिलिमीटर. कुणी वर पूर्णांक केला, कुणी खाली. खरा फरक गोळीच्या जाडीत आहे. फिनिश नळ्या रशियनांपेक्षा तंग असायच्या. पण त्यावर कुणी भांडत नाही, कारण तो नावात लिहिलेला नाही.

थ्री झिरो एट विंचेस्टर आणि नाटोचं ७.६२ या जोडीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवलाय. पहिलं बाजारात आलं १९५२ मध्ये, दुसरं फौजेने घेतलं १९५४ मध्ये, बाहेरून जुळी भावंडं. जुन्या सैनिकी पुस्तकांत नाटो काडतुसाचा दाब ५०,००० छापलेला असतो आणि विंचेस्टरचा ६२,०००, म्हणून विंचेस्टर जहाल, असं पोरं ठामपणे सांगतात. पहिला आकडा तांब्याचा तुकडा ठेचून घेतलेला, दुसरा विद्युत मापकाने. एक गजाने मोजलाय, एक मीटरने. खरा फरक असतो पुंगळीच्या भिंतीत. सैनिकी पुंगळी जाड, आत जागा कमी, म्हणून तीच पावडर तितकीच घातली तर दाब वाढतो. मी दर वेळी रिकामी पुंगळी तराजूवर टाकतो, मग बुडावरचे ठसे बघतो. एकदा जुन्या मालाच्या डब्यात मिसूरीच्या कारखान्याच्या 'एलसी' ठशांच्या मधोमध 'ओएफव्ही' आलं. ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगाव! भुसावळला आजोळी जाताना रिक्षावाले ज्या कारखान्याच्या फाटकाचं नाव घ्यायचे, तो. बाकी पुंगळ्या मी भरल्या, ही अजून भरलेली नाही.

एक गोष्ट मात्र मला खुपते. या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर मारलेल्या माणसांचा आकडा छापतात. ९३, २२५, ३०९. क्रिकेटच्या शतकांसारखा. हा आकडाही एक ठसाच. कुणी मोजला, कशाने मोजला, याची चौकशी व्हायला हवी आणि होत नाही. लेखकाची सही एवढंच सांगते की ही प्रत त्याच्या हातात होती. आतल्या मजकुराची हमी ती देत नाही. सोव्हिएत स्नायपर झायत्सेफच्या सहीची प्रत मिळाली तरी स्टालिनग्राडमधलं ते जर्मन मेजरशी झालेलं द्वंद्व त्यामुळे खरं ठरत नाही. मी ती घेईन, पण कपाटात इतिहासाच्या फळीवर ठेवणार नाही.

सध्या एका मित्राने रॉस आणली आहे. वॉर्नर अँड स्वेझीची दुर्बीणही मिळवली आहे, आणि त्याला एरी सरोवराकाठी कँप पेरीच्या जुन्या स्नायपर रायफलींच्या सामन्यात उतरायचं आहे. मी दुर्बीण लावून त्याच्या शेजारी पडून राहायचं, असं ठरलंय. रॉसचा बोल्ट चुकीचा जोडला तर कुलूप न लागताच गोळी सुटते आणि बोल्ट सरळ तोंडावर येतो, त्यामुळे जोडणी आम्ही दोघांनी पुन्हापुन्हा तपासली. मग फायरिंग पिन काढून त्याच्याकडची सरमिसळ जुनी काडतुसं चेंबरमध्ये घालून बघितली. बरीच बसली, काही अडली. तो म्हणतो पुंगळ्या जाड आहेत, मी म्हणतो चेंबर मुळातलंच तंग आहे, कुणी कधी वाढवलेलं नाही. त्याने गेज मागवलं आहे. ते येईपर्यंत रायफल माझ्या गॅरेजमध्ये आहे आणि काडतुसं त्याच्या घरी.