दात, आतडे आणि रात्रीची पाळी

गिनीपिगच्या तोंडात २० दात असतात: पुढे वर-खाली दोन-दोन पटाशीचे, आणि मागे चारही बाजूंना चार-चार दाढा. माणसाचे दात एकदा वाढले की थांबतात; याचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. म्हणून ते रोज झिजावेही लागतात, आणि ही झीज घडवते ती मुख्यतः गवताची काडी. गवतात सिलिकाचे बारीक कण असतात. पाते दाढांखाली आडवे रगडताना दातही घासला जातो. पेरू, बोलिव्हिया, एक्वाडोर या अँडीज पर्वताच्या देशांत हा प्राणी हजारो वर्षांपूर्वी मांसासाठी माणसाळवला गेला. तेथील खेड्यांत तो अजूनही स्वयंपाकघराच्या जमिनीवर, चुलीच्या उबेला, हिरवा चारा कुरतडत वाढतो. कल्याणसारख्या शहरात तो मुलाच्या हट्टापायी पिंजऱ्यातून घरी येतो. गवत मात्र त्याच्याबरोबर येत नाही.

चिंगी अशीच आली. कल्याण पश्चिमेला, काळा तलावाच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावरचे ते घर चौघांचे होते: आजी, आई, बाबा आणि प्राथमिक शाळेतली मुलगी. आई रोज लोकलने मुंबईला नोकरीला जाई, बाबांचे काम कल्याणातच होते. गवताचा प्रश्न आजीने सोडवला. कल्याणच्या फूलबाजारात दूर्वांच्या जुड्या बारमाही मिळतात. एक जुडी देवाला आणि बाकीच्या चिंगीला, अशी वाटणी तिने ठरवली. ती तिने शेवटपर्यंत मोडली नाही.

माणसात आणि या प्राण्यात एक उणीव सारखी आहे. दोघांनाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. १९०७ साली नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रोलिख यांनी बेरीबेरीचा अभ्यास करण्यासाठी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना बेरीबेरी न होता स्कर्व्ही झाला. पुढे १९३०च्या दशकात अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत क जीवनसत्त्वाची ओळख पटली तीही याच प्राण्यावर. हे जीवनसत्त्व कमी पडले की हिरड्या सुजतात, दातांची पकड सैल होते आणि दात तिरके वाढण्याचा धोका वाढतो. ढोबळी मिरची आणि कोथिंबीर ही त्यावरची सोपी सोय.

चिंगीची एक सवय साऱ्या मजल्याला माहीत होती. आजी बाजारातून परतली आणि दाराशी पिशवी सळसळली, की ती पिंजऱ्याच्या गजांवर पुढचे पाय टेकून लांब, चढत जाणारी शीळ घालायची. गिनीपिग ही शीळ बहुधा अन्न आणणाऱ्या माणसासाठीच राखून ठेवतो. फ्रीजचे दार, सुरीचा आवाज, शेजारच्या घरातली पिशवी यांतल्या कशालाच तिचे उत्तर नसे. आजीही चपला काढण्याआधी पिशवी मुद्दाम हलवायची, आणि शीळ ऐकूनच आत यायची. बाबांना या प्रकाराचा त्रास होई. एवढ्याशा जिवासाठी घरात इतका गाजावाजा कशाला, असे ते म्हणत. पिंजरा त्यांच्या खुर्चीपासून दूर हलवावा, अशीही त्यांची मागणी होती. आजीने ती ऐकून घेतली आणि पिंजरा तिथेच ठेवला.

दातांच्या विकारात ही शीळ फसवी ठरते. खालच्या दाढा आतल्या बाजूला कलून वाढू लागल्या की त्या जिभेवर कमान धरतात. जीभ खाली अडकते आणि घास मागे सरकवता येत नाही. वरच्या दाढा बाहेर वळून गालाला जखमा करतात. भूक मात्र शाबूत असते. प्राणी धावत येतो, पाते तोंडात घेतो, दोनदा चावतो आणि सोडून देतो. चिंगीही रोज शीळ घालत होती, रोज धावत येत होती. हनुवटीखालची लव ओली दिसू लागली, लेंड्या लहान आणि कमी झाल्या. ही लक्षणे सर्वांत आधी आजीने ओळखली. तिला स्वतःला कवळी होती. समोर ताट असून चावता न येणे म्हणजे काय, हे त्या घरात तिलाच अनुभवाने ठाऊक होते.

शिकारी प्राण्यांचे भक्ष्य असलेले जीव आजार लपवतात, त्यामुळे निदान होईपर्यंत बराच काळ गेलेला असतो. उपचार करणारेही सहज सापडत नाहीत. मुंबईत पशुवैद्यकाचे शिक्षण १८८६ साली परळला सुरू झाले, आणि तेथील इस्पितळाला लोक बैलघोडा हॉस्पिटल म्हणत आले. बैल, घोडे, मग कुत्री-मांजरे असा या विद्येचा विस्तार झाला. एवढ्याशा प्राण्याच्या दाढांपर्यंत पोचलेले डॉक्टर आजही मोजकेच. चिंगीला ठाण्याला न्यावे लागे. दाढा भुलीखाली तासतात. कुत्र्याला भुलीआधी उपाशी ठेवतात. गिनीपिगला तसे ठेवत नाहीत, कारण त्याला उलटी करता येत नाही आणि रिकामे पोट त्याला सोसत नाही. तासलेला दात पुन्हा वाढतो, म्हणून काही आठवड्यांनी हेच सारे पुन्हा करावे लागते.

येथून आजार तोंडातून पोटात उतरतो. गिनीपिगच्या आतड्याच्या एका मोठ्या पिशवीत, अंधांत्रात, जंतू गवताचा तंतू आंबवतात. तेथून निघणारी मऊ लेंडी तो स्वतःच खातो आणि उरलेले पोषण मिळवतो. ही व्यवस्था सतत चालू राहिली तरच टिकते. बारा-चोवीस तास पोटात काही गेले नाही तर आतडे मंदावते, वायू साचतो, घातक जंतू माजतात. पेनिसिलिनसारखी औषधे तोंडाने दिल्यास तीही उपकारक जंतू मारतात आणि जीव घेऊ शकतात. म्हणून घरातली उरलेली प्रतिजैविके या प्राण्याला कधीही देऊ नयेत. खाणे बंद झाले की भिजवलेल्या चाऱ्याची पातळ पेज सुईविना सिरिंजने, गालाच्या बाजूने, थेंबाथेंबाने भरवायची असते, आणि ती रात्रीही. चिंगीसाठी घरात पाळ्या लागल्या. पहाटेची आईची, दुपारची आजीची, शाळेनंतरची मुलीची. मध्यरात्रीची पाळी बाबांकडे आली, कारण उशिरापर्यंत जागे असत ते तेवढेच.

सर्वांत कठीण रात्र पावसाळ्यातली होती. संध्याकाळपासून मुसळधार पाऊस सुरू होता, रुळांवर पाणी भरले होते आणि आई ठाणे स्टेशनवर अडकली होती. आठच्या सुमारास चिंगीने सिरिंज नाकारली. ती कोपऱ्यात पाठ उंचावून बसली आणि दात करकरा वाजवू लागली. गिनीपिगमध्ये हा वेदनेचा आवाज असतो. पोट ढोलासारखे ताणले गेले होते. डॉक्टरांशी फोन लागला. फुगलेल्या पोटी काही भरवू नका, उबेत ठेवा, तिच्या मनाने हिंडू द्या, रस्ता उघडताच घेऊन या, असे त्यांनी सांगितले. रस्ता उघडला नव्हता. थोड्या वेळाने वीजही गेली.

आजीने देवापुढचा दिवा बाहेरच्या खोलीत आणून ठेवला. तिने ताट वाढून घेतले नाही. मुका जीव उपाशी असताना घास उतरत नाही, एवढेच तिने सांगितले, आणि त्यावर कोणी वाद घातला नाही. मुलीला डॉक्टरांनी पूर्वी पोट ऐकायला शिकवले होते. निरोगी गिनीपिगच्या पोटात सतत गुडगुड चालते. ती पुन्हा पुन्हा कान लावत होती आणि आत शांत आहे म्हणून सांगत होती. काही वेळाने तिने सांगणे बंद केले. तेव्हा बाबांनी कपाटातला स्वतःचा लोकरी मफलर काढला, बाटलीत गरम पाणी भरून ती मफलरात गुंडाळली आणि चिंगीला मांडीवर घेऊन ते भिंतीला टेकून जमिनीवर बसले. पिंजरा दूर हलवा म्हणणारे तेच होते. रात्रभर ते तिथून उठले नाहीत. मधूनमधून तिला खाली सोडत, ती चार पावले चालली की पुन्हा उचलून घेत. मुलगी त्यांच्या खांद्यावर झोपली. आजी जागीच राहिली आणि चिंगीशी बोलत राहिली: "खा गं बाई, एवढी एक दूर्वा खा."

पहाटे चिंगीने एक लेंडी टाकली, बारीक आणि वेडीवाकडी. बाबांनी ती तळहातावर घेऊन दिव्यापाशी नेली आणि आजीला दाखवली. मुलीला उठवून तिलाही दाखवली. पोटात आवाज सुरू झाला होता. पहिल्या लोकलने आई घरी आली तेव्हा तिघेही जमिनीवर बसलेले होते आणि चिंगी कोथिंबिरीचे एक पान हळूहळू तोंडात ओढत होती. आजीने त्यानंतर चहा घेतला.

अशा रात्रीनंतर प्राणी सहसा पूर्ण बरा होत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा चिंगीचा झाला. रोजचे वजन, भरवलेली पेज, लेंड्यांची संख्या अशी वही सुरू झाली. त्या वहीत चार हस्ताक्षरे आहेत. आजीचे मोठे आणि सुटे. बाबांचे आकडे नेमके, शेजारी वेळ घातलेली. कामावरून फोन करून आजचे वजन विचारणे ही आईची सवय झाली. दात तासायच्या फेऱ्या जवळजवळ येत गेल्या, प्रत्येक वेळी भुलीतून उठायला चिंगीला अधिक वेळ लागू लागला. गिनीपिग साधारण पाच ते आठ वर्षे जगतो. तिचे वय त्या टप्प्यात पोचले होते. पुन्हा भूल द्यायची की नाही, यावर घरात मतभेद झाला. बाबा द्यायलाच हवी म्हणून अडून बसले. तिला आता सुया नकोत, असे आजीचे म्हणणे होते. अखेर डॉक्टरांनीच सांगितले की हृदय भूल सोसणार नाही. त्यानंतर वेदनाशामक औषध आणि पेज एवढेच चालू राहिले. एका दुपारी, आजीच्या पाळीत, चिंगी गेली. इमारतीच्या आवारात, कुंपणालगतच्या मातीत तिला पुरले. खड्डा बाबांनी खणला. आजीने वर दूर्वांची जुडी ठेवली.

आपण तिला बरे करतोय हे तिला कळत होते का, असे मुलीने नंतर विचारले. गिनीपिग माणसे ओळखतो, आवाज आणि पावले ओळखतो, हे खरे. सिरिंज आणि आराम यांचा संबंध त्याला लागतो का, हे सांगता येत नाही. आईने तिला एवढेच सांगितले की चिंगी भरवताना आरंभी धडपडायची आणि शेवटच्या महिन्यांत हात दिसताच तोंड पुढे करायची.

गिनीपिगच्या तिरक्या दाढा सहसा कायमच्या बऱ्या होत नाहीत. त्यांना सांभाळत जावे लागते. रोज वजन पाहावे, ओली हनुवटी आणि लहान होत जाणारी लेंडी दिसताच वाट पाहू नये, गवत सतत समोर असावे, आणि खाणे थांबले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. हे एका माणसाच्या हातून फार काळ होत नाही, कारण पाळी चोवीस तासांची असते. कल्याणच्या त्या घरात ती चौघांनी वाटून घेतली, आणि चिंगी या रोगात अपेक्षित असतो त्यापेक्षा बराच जास्त काळ जगली.