कंस

कंसाला स्वतःची किंमत नाही. तो मिळवत नाही, वजा करत नाही, भागत नाही. दोन बाजूंनी उभा राहून एवढंच सांगतो, आधी आतलं मिटवा. त्याचा शब्द मोडला की सगळं उत्तर फिरतं. काम झालं की तो पुसला जातो, उत्तरात त्याचा मागमूसही उरत नाही. जोडीदाराशिवाय मात्र तो कधी येत नाही.

बालाघाट जिल्ह्यातल्या राजेगावात मुलं क्रियांचा क्रम लक्षात ठेवायला 'बोडमास' म्हणतात, बाघ नदीपलीकडे गोंदियाच्या मराठी शाळांत 'कंचेभागुबेव'. दोन्हीकडे पहिला मान कंसाचा. घरात भावांचा क्रमही ठरलेला: साधा सर्वांत आत, त्याच्याबाहेर महिरपी, त्याहून बाहेर चौकटी, सोडवायचं आतून बाहेर. इटलीच्या निकोलो तार्ताल्याच्या 1556 च्या ग्रंथात गोल कंस आढळतात, म्हणजे असामी बरीच जुनी.

या धानाच्या मुलुखात त्याची खरी ओळख मात्र कट्ट्यापाशी, म्हणजे धानाच्या पोत्यापाशी पटते. 40 किलोचे 5 कट्टे, प्रत्येकामागे 2 किलो कपात: 5 × (40 − 2), म्हणजे 190 किलो. कंस काढून 5 × 40 − 2 लिहिलं की 198. कपात एकदाच झाली. आठ किलो धान कुणाच्या पदरात पडणार, हे त्या दोन वाकड्या रेघांवर ठरतं. वर्गात हे उदाहरण सगळ्यात आधी यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

कारण कंस न लिहिताही येतो, आणि मुलं अडकतात ती तिथेच. 10 − 4 + 3 समोर आलं की 'कंचेभागुबेव'मध्ये बेरीज आधी म्हणून मूल 4 आणि 3 मिळवतं, 10 मधून 7 काढतं आणि 3 लिहितं. खरं उत्तर 9. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवरच्या. डावीकडून ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने करायच्या. गुणाकार-भागाकाराचंही तसंच. पाठ केलेलं सूत्र हे सांगत नाही, आणि शिकवणाऱ्याने ते मुद्दाम सांगितलं नाही तर मूल वर्षानुवर्षं त्याच खड्ड्यात पडतं. त्याची आकडेमोड बरोबरच होती. त्याने फक्त 4 + 3 भोवती मनातल्या मनात कंस घातला होता.

तेव्हा गुरुजनहो, अशा उत्तरावर फुली मारण्याआधी मुलाला त्याच्या मनातला तो कंस फळ्यावर लिहून दाखवायला सांगा.