काळ्या मुलखातले नोन्नो

युरोप पाहून आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न असतो तो आयफेल टॉवरचा. दुसरा, "तिकडे भाजी काय भावानं मिळते?" २०१३ सालच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता पुतण्याकडे ब्रसेल्सला पाच आठवडे राहून आलो, तेव्हा या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी तयार ठेवली होती. पण "सगळ्यांत लक्षात काय राहिलं?" असे कोणी विचारले की माझ्या तोंडून निघे, "एक कोळशाची खाण." मग विचारणारा गृहस्थ आमच्या सौभाग्यवतींकडे अशा नजरेने पाही, की या माणसाबरोबर तुम्ही संसार केलात तरी कसा!

दोष माझा नव्हे. पुतण्याच्या शेजारच्या बिऱ्हाडात इटालियन आडनावाची एक तरुण शिक्षिका राहत असे. जन्म बेल्जियमचा, भाषा फ्रेंच, इंग्रजीही चांगले. आम्ही राजवाडा, चौक आणि चॉकलेटची दुकाने पाहून दमलो आहोत, हे तिने ओळखले. एका शनिवारी म्हणाली, "आता माझ्या नोन्नोंचं बेल्जियम बघा." नोन्नो म्हणजे इटालियन भाषेत आजोबा. आम्हीही त्यांना तेच म्हणू लागलो.

ब्रसेल्सहून दक्षिणेकडे आगगाडीने सुमारे तासाभराच्या अंतरावर शार्लरुआ हे गाव आहे. साम्ब्र नदी, जुने पोलादाचे कारखाने आणि विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगा. या भागाला फ्रेंचमध्ये 'काळा मुलूख' असे नाव आहे. सपाट प्रदेशात मधूनच टेकड्या दिसू लागल्या, तेव्हा मी कौतुकाने बोट दाखवले. शिक्षिकाबाई हसल्या. त्या टेकड्या देवाने केलेल्या नव्हत्या. दीडदोनशे वर्षे खाणीतून कोळशाबरोबर जो दगड निघाला, त्याचे ते ढीग. आता त्यांच्यावर भुर्जाची झाडे उगवली आहेत, आणि लोक रविवारी सकाळी तिथे फिरायला जातात.

स्टेशनावर नोन्नो उभे होते. वय एक्याऐंशी, बुटके, खांदे रुंद, कोट कडक इस्त्रीचा. चार पावले चालले की थांबत आणि आजूबाजूचे काहीतरी पाहिल्यासारखे करीत. ते पाहणे नव्हते, श्वास घेणे होते, हे माझ्या उशिरा ध्यानात आले.

त्यांचे गाव इटलीच्या आब्रुत्सो प्रांतात, डोंगरात. जमीन तुकडा तुकडा, भावंडे सहा. युद्ध संपले तेव्हा इटलीत माणसे होती पण काम नव्हते, आणि बेल्जियमच्या पोटात कोळसा होता पण खाली उतरायला माणूस मिळत नव्हता. २३ जून १९४६ रोजी दोन्ही सरकारांनी करार केला. इटलीने पन्नास हजार मजूर पाठवायचे, बेल्जियमने इटलीला कोळसा विकायचा. गावोगावी गुलाबी रंगाची पोस्टरे लागली. त्यांवर पगार, सुट्टी आणि कुटुंबभत्ता सगळे होते. जमिनीखाली किती खोल जायचे, तेवढे मात्र नव्हते. "आम्हाला विकलं," असे त्या पिढीतले पुष्कळ इटालियन अजून म्हणतात. नोन्नो म्हणत नाहीत. ते म्हणाले, "विकायला आधी कुणाला तरी आपण हवे असावे लागतो."

१९५२ साली, वयाच्या विसाव्या वर्षी ते निघाले. मिलानच्या मोठ्या स्टेशनाखालच्या तळघरात डॉक्टरांनी दात, छाती आणि दंड तपासले. मग आगगाडी. शार्लरुआला उतरल्यावर खाणीखाणीची नावे पुकारून माणसे वाटून घेतली. राहायला जागा मिळाली ती पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांत. युद्धात तिथे कैदी ठेवीत असत. पत्रा उन्हाळ्यात तापे आणि हिवाळ्यात आतून ठिबके. गावातले लोक त्यांना 'माकारोनी' म्हणून हाक मारीत. आपल्याकडे कोकणातला चाकरमानी गिरणगावात खोलीत दहा-दहा जणांनी राहून घरी मनीऑर्डर धाडीत असे, ते मला आठवले. पण आपल्या चाकरमान्याला निदान शेजारच्याची भाषा येत होती, आणि गणपतीला गाडी पकडून घरी जाता येत होते.

खाणीतले काम नोन्नोंनी मला हाताने करून दाखवले, शब्द त्यांना पुरेना. कोळशाचा थर कुठे कुठे हात-दीड हात उंचीचा. त्यात कुशीवर आडवे व्हायचे, हवेच्या दाबाने चालणारी जड पहार छातीशी धरायची, आणि समोरचा कोळसा फोडीत सरकायचे. धूळ तोंडावरच. डोक्यावरचा दगड लाकडी टेकूंवर. पहिल्या दिवशी ते रडले. परत जाण्याची सोय नव्हती, करार वर्षाचा होता. खाली उतरायला साफ नकार देणाऱ्यांना ब्रसेल्समध्ये कोंडून परत धाडीत असत. शिवाय परवाना असा, की पहिली काही वर्षे खाण सोडून दुसरे काम करायचे नाही.

दोन वर्षांनी ते गावी जाऊन लग्न करून आले, आणि १९५५ साली मुलगा झाला.

एवढे होईपर्यंत आम्ही मार्सिनेलला पोचलो होतो. ब्वा द्यु काझिए ही खाण तिथे आहे. २००२ सालापासून ते संग्रहालय आहे, आणि २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीतही त्याचे नाव गेले. लोखंडी मनोरे, त्यांवरची चाके, विटांच्या इमारती, सगळे नीट राखले आहे. नोन्नो मात्र बाहेरच्या लोखंडी गजांच्या फाटकाशीच थांबले. नातीने सांगितले, ते दरवेळी थांबतात.

८ ऑगस्ट १९५६, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. ९७५ मीटर खोलीवर पाळण्यात कोळशाची वाघीण ढकलीत होते. ती नीट बसली नाही, थोडी बाहेर राहिली. खुणेचा काहीतरी घोटाळा झाला आणि पाळणा वर निघाला. बाहेर राहिलेल्या वाघिणीने एका तुळईला धडक दिली. तेलाची नळी, विजेच्या तारा आणि दाबाच्या हवेची नळी एकाच वेळी तुटली. तेल, ठिणगी आणि हवा एकत्र आली. विहिरीत लाकूड पुष्कळ होते. खाली २७५ माणसे होती. तेरा वाचली. मेलेल्या २६२ माणसांत १३६ इटालियन आणि ९५ बेल्जियन होते. बहुतेकांना आगीने नव्हे, धुराने मारले.

नोन्नो त्या सकाळी दुसऱ्या खाणीत खाली होते. त्यांना काहीच ठाऊक नव्हते. त्यांच्या बायकोने काळा धूर पाहिला आणि वर्षाचे मूल काखेला मारून ती धावत सुटली. आधी धुराच्या दिशेने, मग अर्ध्या वाटेवरून उलटी, नवऱ्याच्या खाणीकडे. तो वर येईपर्यंत ती तिथे उभी होती. तो आला. तिने त्याला काही विचारले नाही, फक्त मूल त्याच्या हातात दिले.

त्या संध्याकाळपासून दोघेही या फाटकाशी येत. त्यांच्याच डोंगराकडचा एक शेजारी आत होता, आणि त्याची बायको तीन मुलांसह गज धरून उभी असे. बायाबापड्या पंधरा दिवस तिथे होत्या. पाऊस आला तरी हलल्या नाहीत. २३ ऑगस्टच्या पहाटे बचाववाले १०३५ मीटरपर्यंत पोचले आणि त्यांतल्या एकाने वर येऊन इटालियनमध्ये दोनच शब्द सांगितले: "तुत्ती कादावेरी." सगळी प्रेते.

आब्रुत्सोतल्या एकट्या मनोप्पेल्लो गावाची वीसहून अधिक माणसे त्यांत होती. इटलीने बेल्जियमला मजूर धाडणे थांबवले. खटला चालला. १९५९ साली सगळे सुटले. १९६१ साली अपिलात एका अभियंत्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली, तीही तहकूब, आणि दोन हजार फ्रँक दंड. ही हकीकत सांगताना नोन्नोंनी दंडाचा आकडा दोनदा सांगितला.

मी भीतभीत विचारले, "मग तुम्ही परत खाली कधी उतरलात?"

"दुसऱ्या दिवशी."

नात भाषांतर करताना अडखळली. तिनेही हे पूर्वी ऐकले नसावे. घरभाडे, दुधाचे पैसे, आब्रुत्सोतल्या आईची मनीऑर्डर आणि तो परवाना, एवढी कारणे त्यांनी बोटांवर मोजली. मग पाचवे बोट तसेच उभे ठेवून म्हणाले, "आणि मला दुसरं काय येत होतं?" बायको आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिने माहेरची ट्रंक भरून पलंगाखाली ठेवली आणि म्हणाली, "तू म्हणशील त्या दिवशी निघायचं." ते म्हणाले, "आणखी एक वर्ष." हे वर्ष पुढे वीस वर्षे चालले.

दुपारी नोन्नोंच्या घरी जेवण होते. विटांचे छोटे घर, मागे टोमॅटो आणि घेवड्याचा वाफा. नातीने अभिमानाने सांगितले, की देशाचे पंतप्रधान एलिओ दि रुपो हे आब्रुत्सोहूनच आलेल्या मजुराचे चिरंजीव. (त्या वेळी ते पंतप्रधान होते.) गायक आदामोचे वडीलही सिसिलीहून खाणीतच आले. नोन्नो म्हणाले, "दि रुपो वर्षाचा असताना बाप गेला. पोरं सात. मोठं काम त्या आईनं केलं."

त्यांचा मुलगा शिकून मास्तर झाला, मुलगी परिचारिका. खाणी एकेक करून बंद पडल्या. या भागातली शेवटची १९८४ साली. नोन्नोंची त्याआधीच. छातीत धूळ बसून होणाऱ्या आजाराला बेल्जियमने खाणकामाचा रोग म्हणून मान्यता दिली ती १९६० नंतरच्या दशकात. त्यांचे सोबती आगीत गेले त्याहून अधिक अंथरुणात गेले, आणि त्यांच्यासाठी कोणी फाटकाशी उभे राहिले नाही.

बायको चार वर्षांपूर्वी वारली होती. ट्रंक अजून पलंगाखालीच होती. आमच्या सौभाग्यवतींना कोणाचीही ट्रंक पाहिल्याशिवाय राहवत नाही. नातीने ती ओढून उघडली. एक लोकरीची शाल, टेबलावरचे विणलेले कापड आणि बूट. दर ऑगस्टला आजी मुलांचे लहान झालेले बूट काढून टाकी आणि मोठ्या मापाचे नवे आत ठेवी. आगगाडीत मुलांच्या पायांत धड बूट हवेत, म्हणून. मुलाचा पाय बापाहून मोठा झाला तेव्हा त्याचे बंद केले. मुलीचा शेवटचा जोड राहिला होता. त्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पुरुषी जोड होता, तपकिरी, तळवे कोरे.

"हे तुमचे?" मी विचारले. "घालून का पाहत नाही?"

नोन्नोंनी बूट हातात घेऊन उलटे करून पाहिले, मग पुन्हा कागदात गुंडाळले. "आता पाय सुजतात," म्हणाले.

परतीची गाडी पाच चाळीसची होती. निघताना त्यांनी सौभाग्यवतींच्या हातात टोमॅटोची पिशवी दिली, आणि त्यांतले दोन अजून कच्चे आहेत, खिडकीत ठेवा, असे नातीकडून तीनदा सांगवले.