वाहून नेणाऱ्याने वाचू नये

जाहिरातीवर माझं घर चाललं आणि आजही चालतं. पुण्यातल्या एका दैनिकाच्या जाहिरात विभागात छोट्या जाहिरातींपासून सुरुवात केली, पुढे वेबसाइटवरच्या जाहिरातींचं काम पाहिलं. वाचक अंकाला जे पैसे मोजतो त्यातून अंकाचा खर्च निघत नाही. बातमीदाराचा पगार जाहिरातीतून होतो. हे रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला जाहिरातीविरुद्धची तक्रार सहज पटत नाही. म्हणूनच, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या ग्राहकाचं ब्राउझिंग पाहून त्याला साजेशा जाहिराती दाखवणार आणि ग्राहक त्यावर चिडलेत असं कळलं, तेव्हा मी कंपन्यांच्या बाजूचा होतो. आज मी ग्राहकांच्या बाजूचा आहे. हे कसं झालं ते सांगायचं आहे.

प्रकरण ब्रिटनमधलं. फेब्रुवारी २००८ मध्ये बीटी, व्हर्जिन मीडिया आणि टॉकटॉक या तिथल्या तीन बड्या ब्रॉडबँड कंपन्यांनी ‘फॉर्म’ नावाच्या जाहिरात-तंत्रज्ञान कंपनीशी हातमिळवणी केल्याचं जाहीर झालं. माझी धाकटी बहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे तेव्हा लीड्सला राहत होती. तिच्या घरचं कनेक्शन या तिघींपैकीच एकीचं. ‘वेबवाइज’ या नावाने येऊ घातलेल्या या सेवेविरुद्ध तिथे सह्या गोळा होत होत्या. तिनेही सही केली होती, कंपनीला पत्र धाडलं होतं. फोनवर म्हणाली, ‘‘दादा, तू जाहिरातवाला. तूच सांग, माझं काही चुकतंय का?’’ मी तिला बराच वेळ समजावत बसलो.

माझं म्हणणं पोकळ नव्हतं, म्हणून ते नीट मांडतो. वेबवाइजचं यंत्र ग्राहक आणि वेबसाइट यांच्या मधोमध, कंपनीच्याच नेटवर्कमध्ये बसणार होतं. ग्राहकाने उघडलेल्या पानाची प्रत त्या यंत्राकडे जाणार, पानात वारंवार येणारे शब्द आणि ग्राहकाने शोधलेले शब्द ते टिपणार, त्यावरून त्याची आवड कुठल्या गटात बसते ते ठरवणार आणि पानाची प्रत टाकून देणार. ग्राहकाचं नाव नाही, पत्ता नाही. ओळख म्हणून फक्त एक क्रमांक. बँकेच्या पानांसारख्या कूटबद्ध पानांना हात लागणार नव्हता. सर्च इंजिनं त्या काळी लोकांनी काय काय शोधलं ते महिनोन्‌महिने साठवून ठेवत होती. त्यांच्या तुलनेत ही व्यवस्था जवळजवळ काहीच साठवत नव्हती. ‘‘यंत्र वाचतं, माणूस वाचत नाही. वाचून विसरतं. मग तुझं गेलं काय?’’ असं मी तिला विचारलं. आपल्याबद्दल कुठे काय लिहून ठेवलंय, एवढ्यापुरताच माझ्या लेखी खासगीपणाचा प्रश्न होता. काही लिहूनच ठेवलेलं नाही, तर भंग कसला?

तिने वाद घातला नाही. एवढंच विचारलं, ‘‘मी रोज सकाळी इथून तुमचा पेपर वाचते. पान तुमचं, वाचणारी मी. मग हा तिसरा कोण? आणि त्याने तुम्हाला तरी विचारलंय का?’’

विचारलं नव्हतं. तोवर वेबसाइटच्या मालकाचाही यात काही संबंध असेल, असा विचार मी केला नव्हता. आमच्या बातमीदाराने लिहिलेलं पान वाचायचं, त्यावरून आमच्या वाचकाची आवड ठरवायची आणि ती आवड भलत्याच साइटवरची जाहिरात विकायला वापरायची, असा हा व्यवहार होता. ब्रिटनमधल्या कायद्याच्या जाणकारांनी नेमका हाच मुद्दा धरला होता. तिथल्या २००० सालच्या कायद्याप्रमाणे दोघांमधला संदेश तिसऱ्याने मध्येच वाचायचा तर पाठवणारा आणि घेणारा, दोघांचीही संमती लागते. एप्रिल २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने आणि विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेने आपली पानं या यंत्राने वाचू नयेत, असं कळवून टाकलं.

मग मी खोलात शिरलो. केंब्रिजचे संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड क्लेटन यांनी २००८ मध्येच या यंत्रणेचं केलेलं विश्लेषण आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. ग्राहक एखादी साइट उघडायला जातो. त्याची विनंती साइटपर्यंत पोहोचण्याआधीच अडवली जाते आणि ब्राउझरला सांगितलं जातं की दुसरीकडे जा. तिथे त्याचा क्रमांक तपासला जातो. मग त्याला परत पाठवतात, पुन्हा अडवतात आणि मूळ साइटच्या नावाने एक कुकी त्याच्या संगणकात ठेवून देतात. त्या साइटला या कुकीचा पत्ताही नसतो. एवढं सगळं होऊन मगच पान उघडतं, आणि वाचणाऱ्याला काहीही जाणवत नाही. यंत्र फारसं काही साठवत नव्हतं, हे खरंच होतं. पण त्यासाठी त्याला ग्राहक जाईल त्या प्रत्येक साइटचं सोंग घ्यावं लागत होतं. हे माझ्या जुन्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं.

नकार द्यायची सोयही कुकीवरच बेतलेली होती. ‘मला हे नको’ असं सांगितलं की तशी नोंद ब्राउझरच्या कुकीत राहणार. ब्राउझर साफ केला की नकारही पुसला जाणार. आणि नकार दिला तरी ग्राहकाची विनंती त्याच यंत्रावरून जाणार होती. नको म्हणणाऱ्यानेच नको म्हणत राहायचं आणि विचारणाऱ्याने एकदाही समोर येऊन विचारायचं नाही, असा तो मामला होता.

त्याहून जास्त मला लागलेली गोष्ट त्याआधीची. बीटीने २००६ आणि २००७ मध्ये ग्राहकांना न सांगता या तंत्राच्या चाचण्या घेतल्या होत्या. २००६ च्या चाचणीत सुमारे १८,००० ग्राहक होते. २००७ च्या उन्हाळ्यात एका ग्राहकाच्या लक्षात आलं की आपला ब्राउझर मध्येच एका अनोळखी पत्त्याकडे जातो. त्याला वाटलं, व्हायरस शिरला. कंपनीकडे विचारणा केली, तर दोष तुमच्याच संगणकात असणार असं उत्तर मिळालं. तो बिचारा स्वतःच्या मशीनमध्ये व्हायरस शोधत राहिला. ‘तुझं गेलं काय?’ या माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. आपल्या घरात काय चाललंय हे आपल्याला कळतं, हा त्या माणसाचा विश्वास गेला होता. तोही महिन्याचं बिल वेळेवर भरत असताना. पुढे सिटी ऑफ लंडन पोलिसांनी सप्टेंबर २००८ मध्ये तक्रार दप्तरी दाखल करताना गुन्ह्याचा हेतू नव्हता आणि ग्राहकांची संमती गृहीत धरता येते, अशी कारणं दिली. ज्याला चाचणी चालू असल्याचंच माहीत नाही, त्याची संमती गृहीत धरायची कशी, हे मला अजून उमगलेलं नाही.

लोक मात्र हटले नाहीत. सरकारकडे केलेल्या अर्जावर वीस हजारांहून जास्त सह्या झाल्या. जुलै २००८ मध्ये बीटीच्या वार्षिक सभेबाहेर निदर्शनं झाली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी आपली कंपनी असं करू लागली तर आपण कंपनी बदलू, असं जाहीर सांगितलं. कॅन्सरवरची पुस्तकं शोधली म्हणून उद्या विम्याचा हप्ता वाढायला नको, हे त्यांचं उदाहरण कुणालाही कळेल असं होतं. जुलै २००९ मध्ये बीटीने योजना गुंडाळली आणि पाठोपाठ बाकीच्यांनीही अंग काढून घेतलं. युरोपीय आयोगाने ब्रिटन सरकारविरुद्धच कारवाई सुरू केली होती, कारण संमती आहे असं मानायला वाजवी कारण असलं तरी पुरे, अशी पळवाट तिथल्या कायद्यात होती. २०११ मध्ये ती बुजवावी लागली. ‘फॉर्म’ पुढे इतर देशांत फिरली आणि २०१६ मध्ये बंद पडली. सामान्य ग्राहकांच्या ओरड्याने असले व्यवहार थांबत नाहीत, हाही माझा एक पक्का समज होता. तोही गेला.

तरी मनाचा एक कोपरा जुन्याच जागी होता. तो हलला आमच्याच कार्यालयात. काही वर्षांनी एका वाचकाने स्क्रीनशॉट पाठवला: आमच्या साइटवरचं निधनवार्तांचं पान, आणि त्याच्या माथ्यावर झटपट कर्जाची पट्टी. ‘निदान या पानावर तरी असलं लावू नका,’ असं त्यांनी खाली लिहिलं होतं. मी बुकिंग तपासलं. अशी रिलीज ऑर्डरच नव्हती. कार्यालयातल्या कनेक्शनवर तेच पान उघडलं तर पट्टी नाही. त्या वाचकांनी घरच्या वाय-फायऐवजी मोबाइल डेटावर पाहिलं, तेव्हा तिथेही नाही. पट्टी त्यांच्या घरच्या इंटरनेट कंपनीने वाटेत घुसवलेली होती. आम्ही न विकलेली जाहिरात आमच्या पानावर होती आणि तिची लाज आमच्या पदरी आली होती. त्याच सुमारास, २०१५ मध्ये, बंगळुरूच्या एका प्रोग्रामरने एअरटेलच्या थ्रीजीवर उघडलेल्या पानांत बाहेरून शिरलेला कोड उघडकीस आणला. ग्राहकाला डेटाचा वापर कळावा म्हणून तो आहे, असं कंपनीने सांगितलं. कोड बनवणाऱ्या परदेशी कंपनीने त्या प्रोग्रामरलाच कायदेशीर नोटीस धाडली.

पेपर टाकणाऱ्या मुलाला कोणाकडे कोणता पेपर जातो ते ठाऊक असणारच. त्याशिवाय तो टाकणार कसा? पण तोच मुलगा रोज खिडकीशी थांबून तुम्ही कोणतं पान किती वेळ वाचता ते बघू लागला आणि वर ‘मी लिहून कुठे ठेवतो, नुसतं बघतो’ म्हणाला, तर आपण त्याला उभं करू का? माझा सगळा बदल एवढ्यात सांगता येतो. आधी मी काय साठवलं जातं ते विचारत होतो. आता मधे कोण उभा आहे आणि त्याला तिथे कोणी बोलावलं, हे विचारतो.

वेबसाइटने माहिती घेणं आणि इंटरनेट कंपनीने घेणं, या गोष्टी मी एकाच मापाने मोजत होतो. एखादी साइट आवडली नाही तर तिथे जाणं सोडता येतं. घरात आलेल्या वायरीतून मात्र सगळंच जातं: मुलीचा अभ्यास, आईचा आजार, नवऱ्याची नोकरीची शोधाशोध. साइट फुकट असते, म्हणून जाहिरात सोसायची, हा सौदा मला मान्य आहे. कनेक्शनचे तर आपण पैसे मोजतो. शिवाय ते देताना आधारची प्रत घेतलेली असते, त्यामुळे नाव-पत्ता कंपनीकडे आधीच असतो.

नाही म्हणण्याची किंमत किती असते, तेही एकदा उघड झालं. अमेरिकेत एटी अँड टीने २०१३ मध्ये ऑस्टिन शहरात वेगवान इंटरनेट आणलं. ब्राउझिंग पाहू द्याल तर महिना ७० डॉलर, नाही तर ९९. ज्याच्या खिशाला हे जास्तीचे २९ डॉलर जड जातात, त्याचंच घर उघडं. काही वर्षांनी हा प्रकार बंद झाला. पण २०१६ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने आधी विचारा, मग पाहा, असा नियम केला, तो अमलात येण्याआधीच २०१७ मध्ये संसदेने ५०-४८ आणि २१५-२०५ अशा मतांनी रद्द केला. म्हणजे जिंकलेली गोष्ट हातून जाऊही शकते.

आता बहुतेक साइटी कूटबद्ध आहेत, मग भीती कसली, असं माझे सहकारी म्हणतात. पानावरचा मजकूर कंपनीला आता दिसत नाही, हे बरोबर. पण कोणत्या साइटवर गेलात हे बहुधा दिसतं, आणि कर्करोग रुग्णालयाची किंवा घटस्फोटाच्या सल्ल्याची साइट असेल तर नुसतं नाव पुरेसं बोलतं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२१ मध्ये सहा मोठ्या कंपन्यांचा अभ्यास केला, तेव्हा ग्राहकांचे वंश आणि लैंगिक कल यांसारख्या नाजूक बाबींवरूनही गट पाडले जात असल्याचं दिसून आलं.

आपल्याकडे पाया चांगला पडला आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१८ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने शिफारस केली की माहितीचा मालक ग्राहक आहे, कंपन्या केवळ राखणदार. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, माहिती घेऊन, विनाअट आणि स्वतःहून दिलेली असावी लागते. आता हे शब्द कनेक्शनच्या अर्जापर्यंत आले पाहिजेत.

जाहिरातीवरचा माझा विश्वास कायम आहे. निधनवार्तेजवळ काय लावायचं नाही आणि शेतीच्या पानावर काय लावायचं, हे पान पाहून ठरवता येतं. त्यासाठी वाचकाच्या मागे घरापर्यंत जावं लागत नाही. आमचा धंदा वर्षानुवर्षं असाच चालला. म्हणून माझी मागणी सरळ आहे. कनेक्शन देताना ब्राउझिंग पाहण्याचा प्रश्न वेगळा, मराठीत आणि ठळक छापा. ग्राहकाने स्वतः ‘हो’ लिहिल्याशिवाय उत्तर ‘नाही’ समजा. ‘नाही’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही जास्त लावू नका. आणि जी कंपनी हे करणार नाही, तिचं कनेक्शन लोकांनी बदललं, तर जाहिरातवाला असूनही मी त्या लोकांबरोबर असेन.